एकशे तेरा नंबरचा मीटर

दर दोन महिन्यांनी रायबंदरला फेरीत चढतो,
सायकल कठड्याला टेकवून,
आणि दिवाडीला उतरतो.
बार्रेटूंचं घर खाजनाच्या बांधालगत.
दाराला कुलूप. खिडक्यांतले निम्मे शिंपले गळलेले.
मीटर बाहेर, बाल्कांवच्या अंगाला.
काच पुसतो, आकडा टिपतो :
चार युनिट.
मागच्या खेपेलाही चार.

गाव म्हणतं, बंद घरात उजेड दिसतो
आणि पियानो वाजतो,
ज्याच्या तारा कधीच्या गंजून तुटल्या, तो.

सन एकतीसात पाद्री इलिदियु आले.
तीर्थ शिंपडलं, लॅटिन म्हटलं,
छत्री विसरले.
ती आणायला कुणी परत गेलं नाही.

मग रेजेदोर, दोन शिपाई आणि एक कंदील.
अहवालात म्हणे एकच शब्द : उंदीर.
खाली सही, तीन ठिकाणी थरथरलेली.

पलीकडच्या तीरावरून पुतू घाडी आला.
नारळ कुजका निघाला.
म्हणाला, इथं जे आहे
ते माझ्या ओळखीचं नाही,
आणि दक्षिणा न घेता होडीत बसला.
इतका सरळ तपासनीस
त्या घराला पुन्हा लाभला नाही.

पुण्याचे आगाशे थर्मामीटर घेऊन आले,
सात वह्या भरल्या.
जिन्यापाशी दीड अंश कमी!
जिन्याखाली विहीर बुजवलीय
हे त्यांना कुणी सांगितलं नाही.
त्यांनी विचारलंच कुठे?

परवा बंगळूरचे तिघे आले.
डब्यांवर लाल दिवे, छातीवर कॅमेरे.
कोण आहेस, खूण कर,
असं इंग्रजीत विचारलं, मग हिंदीत.
कोकणीत विचारायचं राहिलं.
बल्ब लुकलुकला आणि तिघे
बांधावरून थेट चिखलात.
फ्यूज सैल होता.
दुसऱ्या दिवशी मीच घट्ट केला.

आता गावात नवीनच ऐकू येतं :
मध्यरात्री छत्री उघडल्याचा आवाज होतो
आणि कुणीतरी शुद्ध पुणेरीत
अंश मोजत जिना उतरतं.

सगळे पुढच्या दारानं गेले.
बिल कोण भरतं, हे एकानंही विचारलं नाही.

चार युनिट म्हणजे चाळीसचा एक बल्ब,
रोज रात्री पावणेदोन तास.
बिल भरते पिएदाद, मागच्या खोपटातली मुंडकारीण,
रुमालाची गाठ सोडून, सुटे पैसे मोजत.
स्वयंपाकघराची किल्ली तिच्याकडे आहे.
आधी तिची आई तेलाचा दिवा लावायची.

कशासाठी गं, मी एकदा विचारलं.
दोना एमिलियाला, ती म्हणाली,
झोप लागेपर्यंत काळोखाची भीती वाटते.

वाटते, म्हणाली.
वाटायची नाही.

मी वहीत चार लिहिले.
पियानोचं विचारावंसं वाटलं,
पण फेरीचा भोंगा झाला,
आणि पियानो काही
मीटरवर येत नाही.