रात्री दोनचं मोजमाप

रात्री दोन. बान्चियाओ, चौथा मजला.
मी एसी बंद करते.
खालच्या स्कूटरवाल्याचं शटर कधीच पडलंय,
फ्रिजची वायर मीच काढलीय; आतलं सोयादूध
सकाळपर्यंत टिकलं तर टिकलं.

टेबलावर नवं कॅबिनेट. पुढे जाळी, बाजूला काच.
काचेतून सगळं दिसतं,
वारा तेवढा दिसत नाही.
हातभर अंतरावर माइक. आकडा: सव्वीस.
श्वास रोखला: पंचवीस.
म्हणजे एक डेसिबल माझाच.

मग प्रोसेसरला जुंपते
कुणाच्याच कामी न येणाऱ्या आकडेमोडीला.
साठ अंश. एकाहत्तर. अठ्ठ्याहत्तर.
गार राहा म्हटलं की ओरडतं,
गप्प बस म्हटलं की तापतं.
अशी माणसंही आहेत माझ्या ओळखीत,
पण त्यांच्यापुढे माइक धरता येत नाही.

ऑगस्ट. खोलीत एकतीस.
यंत्राला सात सेन्सर लावलेत,
माझ्या मानेवरून जे ओघळतंय
ते कुठल्याच तक्त्यात नाही.

वारा बघायला उदबत्ती लागते.
खालच्या याओबाईंनी दिलेला पुडा, चंदनाचा.
जाळीपुढे धरली. धूर आत ओढला गेला, छान.
मागून बाहेर पडला, छान.
आणि वळसा घालून, चोरपावलांनी,
पुन्हा पुढच्या जाळीत शिरला.
स्वतःचाच उच्छ्वास पितोय हा डबा.
लिहून घेतलं.

दारावर टकटक. आकडा एकदम चौपन्न.
याओबाई, पायात सपाता:
"वास आला. रू-पिंग, एवढ्या रात्री
कुठल्या देवाला?"
मी कॅबिनेटकडे बोट दाखवलं.
त्या हसल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या.
"थांब, बोलू नकोस," म्हणाल्या,
मला, माझ्याच खोलीत.

चौतीस. चौतीस. चौतीस.

"मधला," त्या म्हणाल्या. "पुढच्या तिघांतला.
थोड्या थोड्या वेळानं अडखळतो."

मला ऐकू येत नव्हतं. माइकलाही नाही.
बाकीच्या दोघांच्या वायरी उपटल्या,
जाळीला कान लावला.
बराच वेळ नुसती घरघर, आणि मग
सुईच्या टोकाएवढं
टक्.
बेअरिंग.

"तुम्हाला कसं..."
"आमच्या ह्यांचं ऑक्सिजनचं यंत्र.
तीन वर्षं उशाशी होतं.
आवाज बदलला की मला जाग यायची,
ह्यांना धाप लागायच्या आधी."

मी वायरी परत जोडल्या.
"आणखी किती वेळ चालणार हे?"
"चाळीस मिनिटं."
"चालू दे मग."

तिसऱ्या मिनिटाला त्यांची मान भिंतीला टेकली.
आकडा पस्तीस झाला. नोंद केली नाही.
चाळीस मिनिटं झाली. नंतर पन्नास.
उदबत्तीची राख वहीवर सांडली, कपाळ घामानं निथळलं.
पंखा बदलायला हवा होता, नवा खणातच होता.

पण आवाज बदलला असता.