कुलूप चांगलं आहे

नेब्रास्कात नोव्हेंबरला मका कापून झालेला असतो,
वाऱ्याला अडवायला रानात काही उरत नाही.
तो थेट शाळेवर येतो.
त्रेचाळीस दारं. मी ऑर्विल टेसार, इथला केअरटेकर,
प्रत्येकाची कुरकुर ओळखतो:
सातवं थंडीत आखडतं,
एकोणिसाव्याची बिजागरी तेल पिते नुसती,
जिमचं दार आपटल्याशिवाय लागतच नाही.

बाप याच शाळेत झाडू मारायचा.
त्याला एकच भीती: दार उघडलं नाही तर?
आगीच्या गोष्टी ऐकलेली पिढी ती,
आत उघडणारी दारं, आणि त्यांना आतून टेकलेली गर्दी.
मागे लागून त्याने दारं बाहेर उघडणारी करून घेतली,
आडवे दांडे बसवले,
पोटाने ढकललं तरी उघडतील असे.

मला भीती उलटी मिळाली.
दार उघडलं तर?

या उन्हाळ्यात नवी कुलपं आली.
आतून बोटाने फिरतात, बाहेरून फक्त किल्लीचं ऐकतात.
बापाची भीती आणि माझी, एकाच पितळी डबीत,
चार स्क्रूंनी आवळलेली.
ह्रुस्का बाईंनी तरी चौकटीवर चुंबकपट्टी लावलीच,
कुलूप लावलेलं राहावं, पण खिटी बसू नये म्हणून.
दिवसातून चाळीसदा कोण उठणार, म्हणाल्या,
कोणाला शू लागते, कोणाचा डबा बसमध्ये राहतो.
खरंय. पट्टी ओढली की दार बंद.
दोन सेकंद. मी मोजलेत.

मंगळवारी ड्रिल.
दिवे गेले, पट्ट्या ओढल्याचा आवाज
वर्गामागून वर्ग, पत्ते पिसल्यासारखा.
माझं काम प्रत्येक मूठ हलवून बघायचं.
म्हणजे जो कधी येऊ नये
त्याचं काम, सरावापुरतं, मी करायचं.

अकरा नंबरपाशी लिबान उभा.
पहिलीतला. ओले हात शर्टाला पुसत.
संडासातून आला, तर दार ओळख दाखवेना.
टकटक केली. नाव सांगितलं. सगळं नाव,
बापाचं, आजोबाचं, त्यांच्यात सांगतात तसं.
आत काही हललं नाही.
काचेला काळा कागद. त्यामागे
बाईंचा श्वास मला ऐकू आला, किंवा तसं वाटलं.
नियम त्यांना पाठ होता, मलाही:
कुणीही हाक मारो, पोराच्या आवाजात मारो,
उघडायचं नाही.
किल्ली माझ्या कमरेलाच होती.

मी त्याला फडक्या-बादल्यांच्या खोलीत नेलं,
एक बादली उलटी करून बसवलं.
कुलूप तूच फिरव म्हटलं.
खट्‌.
अंधारात त्याने विचारलं,
"हे चांगलं कुलूप आहे?"
चांगलं आहे.
"मी ओरडलो असतो तरी उघडलं नसतं?"
फिनेलचा वास. बाहेर वारा
एकेक दार हलवून बघत होता.
नाही, म्हटलं.

त्याने मान डोलावली, मोठ्या माणसासारखी,
आणि कुलूप उघडून पाहिलं.
लावलं.
पुन्हा उघडलं.
ड्रिल चालू होतं. मी अडवलं नाही.