मीठ कुटताना

मेस्तियाहून वर येताना ड्रायव्हरने विचारलं, किती दिवस?
दोन, म्हणाले मी.
पूल राहिला तर दोन, तो म्हणाला,
आणि काच खाली करून थुंकला.

बुरूज चित्रात पाहिलेले होते.
चित्रात नव्हतं ते शेण,
सावलीत पसरलेली डुकरीण,
आणि माक्वालाबाई, गुडघ्यांत दगडी खल धरून
लसूण कुटणाऱ्या.
वर धने, शहाजिरं, झेंडूच्या वाळल्या पाकळ्या,
मग निळ्या फुलाची मेथी.
तिचा वास आला तशी मी
कुणी हाक मारल्यासारखी मागे वळले.
मागे फक्त डोंगर होता, तोही ढगात.

नातू बिमुर्झा बुरुजात घेऊन गेला.
शिडीवर शिडी, पाच मजले, अंधाराला धुराचा वास.
शत्रू आला की शेवटची शिडी वर ओढून घ्यायची.
शत्रू कोण?
त्याने झरोक्यातून शेजारचा बुरूज दाखवला,
मिरची मागायला जावं इतक्या अंतरावरचा.
आणि आता?
आता ते माझ्या आईचं माहेर.

या घराचा कोपरा डोंगराकडे रोखलेला,
हिमलोट चिरून दोन्ही अंगांनी जावा म्हणून.
एका हिवाळ्यात तो तिसरीकडून आला.
एवढंच बोलून बिमुर्झा शिडी उतरू लागला.
तिसरीकडे
छप्पर नसलेल्या चार भिंती,
आत माणूसभर खाजकुइली.
उरलेले सपाटीवर राहायला गेले,
तिकडे बर्फ पडत नाही
आणि बटाट्याला, माक्वालाबाई म्हणतात, चव नाही.

दुसऱ्या रात्री पूल गेला.

मग मला दाताळं मिळालं.
इथे भर उन्हाळ्यात घसरगाडी चालते,
बैल ती गवतावरून ओढतात, चाक उतारावर टिकत नाही.
शिखर कधी दिसेल, मी विचारलं.
ते कुठं पळून जातंय, बाई म्हणाल्या,
गवत भिजेल, हात चालव.

रात्री चुलीपाशी त्या सांगत होत्या :
जानेवारीत आम्ही मेलेल्यांना जेवायला बोलावतो,
चांगला आठवडाभर.
एवढ्या बर्फात त्यांना वाट सापडते?
वाटा त्यांनीच पाडल्यात.
आमच्याकडे भाद्रपदात येतात, मी म्हणाले.
त्यांनी जरा विचार केला.
तेव्हा नाही जमायचं. बटाटे काढायचे असतात.

पाचव्या दिवशी लाकडाचा पूल झाला.
निघताना वर्तमानपत्राच्या कागदात मिठाची पुडी,
पुडीवर शाईचे दोन शब्द.
त्यांच्या बोलीला स्वतःची लिपी नाही,
त्यांनी ते जॉर्जियनमध्ये लिहिलेले, गोल गोल,
वेलीच्या तणाव्यांसारखे.
मी पुडी कपाळाला लावली. आशीर्वादच असणार.

पुलाशी बिमुर्झाला वाचायला दिली.
त्याने वाचली, परत दिली.
थोडंच घाल, लिहिलंय.