जीभ उचल

धुळ्याच्या जेलचं मोठं दार उघडत नाही,
त्यातलं छोटं उघडतं, त्यातून वाकून जायचं.
सतरा वर्षं झाली. आता घरीही
न्हाणीच्या चौकटीत कंबर आपसूक वाकते.

गेटवर डबा उघडायचा.
अंजनाबाई कळण्याच्या भाकरीची घडी
बोटाने उलगडून बघते, म्हणते,
आज ठेचा नही का माय?
मोबाईल खणात. केसातल्या पिना चार,
वहीत लिहायच्या चार.

दवाखाना म्हणजे एक खोली, एक कॉट
आणि आवाज देणारा पंखा.
मे महिन्यात कुणाच्या काखेत जाण्याआधीच
पारा एकशे चारवर बसलेला.
मी थर्मामीटर माठातल्या पाण्यात बुडवते,
झटकते, मग विचारते, ताप कुणाला?

सुया मोजून आत, मोजून बाहेर.
एकदा एक कमी भरली,
तर भर दुपारी अख्खी बराक अंगणात उकिडवी.
सुई निघाली माझ्याच अ‍ॅप्रनच्या शिवणीत.
ती मी कुणाच्या हातात दिली, काय बोलले,
आठवत नाही.
एवढे गुडघे एकदम उठताना कडकडले
ते आठवतं.

बुधवारी पोटं दुखतात.
सिस्टर, सिव्हिलले धाडा, म्हणतो दगा मालचे,
आठे दुखस, आठे बी दुखस.
सिव्हिलच्या वाटेवर पांझरेचा पूल लागतो,
पुलाच्या तोंडाशी त्याची बहीण टरबुजं विकते,
हे मला माहीत आहे हे त्यालाही माहीत आहे.
मी पोट दाबते.
वहीत लिहिते : पोट मऊ.
डॉक्टर काय ते ठरवतील.

खुमान पावरा आला तेव्हा एकोणीस वर्षांचा,
वजन एकोणचाळीस किलो.
कलम मी विचारत नाही, बेडका तपासायला पाठवते.
धडगावच्याही वरचा पाडा, त्याची बोली मला येईना,
माझी त्याला अर्धी कळायची.
रोज सकाळी सातला, गोळ्या माझ्यासमोर.
आ कर. गिळ. आता जीभ उचल.
जिभेखाली गोळी लपवतात, नंतर थुंकतात,
म्हणून बघावंच लागतं.
पहिल्या आठवड्यात लघवी लाल झाली
तेव्हा तो भिंतीला पाठ लावून थरथरत होता.
मी गोळीकडे बोट केलं, मग खाली,
मग हसले. तोही हसला, उशिराने.

चार महिने.
डावीकडची किडलेली दाढ, वरचा आखूड दात,
जिभेखालची निळी शीर.
त्याच्या आईने तरी इतकं आत कधी पाहिलं असेल?

मग एका संध्याकाळी जामीन झाला.
मी सकाळी आले तर डब्यावर त्याचं नाव,
आत दोन महिन्यांच्या पट्ट्या तशाच.
चिठ्ठी लिहिली, तालुक्याला फोन लावला, परत लावला.
पलीकडचा माणूस म्हणाला, बघतो ताई.
बघतो म्हणजे काय, ते सरकारी नोकरीत
सतरा वर्षांनी कळतं.

दिवाळीनंतर शिरपूरच्या स्टँडवर
मी भावाकडची वांगी सांभाळत उभी.
समोर गाडी लागलेली, खिडकीत एक चेहरा,
गाल भरलेले, म्हणून ओळखला नाही.
त्याने ओळखलं.
नमस्कार नाही, हाक नाही.
खिडकीच्या गजांमधून तोंड पुढे काढून
त्याने आ केला,
आणि जीभ उचलली.

शेजारची म्हातारी दचकून सरकली.
मी पिशवी खाली ठेवून, वाकून, नीट पाहिलं.
दाढ तशीच होती. जिभेखाली काही नव्हतं.
गोळ्या मिळाल्या, घेतल्या,
की नुसतीच सवय,
हे तोंडात बघून कसं कळणार?

मी मान हलवली.
कंडक्टरने घंटी ओढली
आणि मी वांग्यांच्या पिशवीत
पेन शोधत राहिले.