ल चा न

सत्तरीच्या तोंडावर मला छंद लागला
मेलेल्यांची घरं मोजण्याचा.
नवरा म्हणाला, विणकाम बरं होतं,
त्याचे निदान मोजे तरी व्हायचे.

फिनमार्कमध्ये जुनं असं आमच्याकडे काही उरलेलं नाही.
चव्वेचाळीस साली जर्मन परत जाताना
गोठे, होड्या, मासे वाळवायच्या मांडवांसकट
सगळं पेटवून गेले.
वाचले ते दूर दक्षिणेत ठेवलेले कागद,
जनगणनेचे तक्ते:
माणसं किती, मेंढ्या किती,
आणि अगदी कडेला एक अरुंद रकाना,
जेमतेम एका अक्षराएवढा.

नॉर्वेजियन असेल तर न.
लॅप असेल तर ल.
सामी लोकांना तेव्हा लॅपच म्हणत,
आणि म्हणताना नाक मुरडत.
(आमच्या घरातही मुरडत. मी पाहिलंय.)

एकोणीसशे साल. एलेन, वय एकोणचाळीस, पाच मुलं. ल.
एकोणीसशे दहा. एलेन, विधवा, मेंढ्या नऊ. ल.
एकोणीसशे वीस. तीच एलेन, तेच घर, मेंढ्या चार.
न.

दहा वर्षांत माणसाचे दात पडतात,
केस पिकतात.
पणजीचं तर कूळच बदललं.

तक्त्याच्या तळाशी मोजणी करणाऱ्याची सही:
हिल्बर्ट, शाळामास्तर.
माझे आजोबा. तेव्हा वय बावीस, तिचा धाकटा.
हे अक्षर मी ओळखणार नाही तर कोण!
माझ्या वहीतल्या चुका याच अक्षरानं खाली वाकून
समजावल्या होत्या मला.
न च्या तळाशी शाई जाड झालीय.
खाली आधी दुसरं काही होतं का,
म्हणून पडद्यावर मोठं करत गेले, करत गेले,
शेवटी नुसते राखाडी चौकोन उरले.

जमीन तेव्हा नॉर्वेजियन बोलणाऱ्यालाच मिळायची.
मास्तरकीचंही तेच.
हे सगळं मला कळतं.
तरी ती दुपार डोळ्यांसमोरून हलत नाही:
आईच्या टेबलाशी तो सरकारी दौत घेऊन बसलाय,
रीतसर विचारतोय, नाव? वय?
आणि ती, जिला वाचता येत नाही,
त्याच्या कॉफीत चीजचा तुकडा टाकतेय.

मीही टाकते. माझी आई टाकायची.
आमच्या घरची खोड, असं समजत होतो आम्ही.

कुत्र्याशी आजोबा वेगळंच बोलायचे.
बोअधे, म्हणायचे, बोअधे,
की ते डोंगरावरून धावत सुटायचं.
आम्हा पोरांना वाटे, ती कुत्र्यांची भाषा.
परवा शब्दकोश उघडला. ये. नुसतं ये.

आणि मग एडना.
हॅमरफेस्टच्या इस्पितळात शेवटचे तीन दिवस
आजोबांनी एकच नाव घेतलं. एडना, एडना.
घरात कुणी एडना नव्हती, गावात नव्हती.
तरुणपणी दोन हंगाम ते इंग्लंडला मासे घेऊन गेले होते,
तेवढ्यावरून आजीनं सगळं जुळवलं.
पुढची अकरा वर्षं त्यांचा फोटो
तिनं भिंतीकडे तोंड करून ठेवला.

एअद्नि.
पान एकशे दहा, डावीकडे, वरून चौथा शब्द.
आई.

बहिणीला फोन केला. ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, म्हणजे आता आपण कोण?
मी म्हटलं, ते माहीत नाही,
पण उद्या गाडी काढ.
आजीच्या थडग्याशी जाऊन तिला सांगायचंय,
एवढी वर्षं जिच्यावर जळलीस
ती तुझी सासू होती गं.