हातचा

मार्लिस किन्युनेनच्या फ्रिजवर
अकरा वर्षं एक वही लटकत होती,
दोरीला बांधलेल्या पेन्सिलीसकट.
अर्धं सफरचंद, सत्तेचाळीस.
बिनसायीचं दही, ऐंशी.
पीनट बटर एक चमचा, चौऱ्याण्णव,
आणि शेजारी, प्रामाणिकपणे : चमचा चाटला.

डुलुथच्या बंदरात, धान्याच्या कोठारांच्या ऑफिसात
एकतीस वर्षं तिने पगारपत्रकं केली.
एका सेंटचा घोळ असला
तरी तो सापडेपर्यंत कोट अंगात घातला नाही.
मग एका पोटाचा हिशेब
तिला काय जड होता?

रोजचे बाराशे.
रात्री नऊला बेरीज.
शंभरेक उरलेच तर फुगवलेल्या तांदळाच्या दोन चकत्या,
चव थर्माकोलची, पण आकडा सुबक.
आणि भूक?
ती हातच्यासारखी
उद्याच्या रकान्याच्या डोक्यावर बारीक मांडून ठेवायची.
हातचा एक. हातचा दोन.
अकरा वर्षांत तो मिळवायचा राहूनच गेला.

मग नोव्हेंबरात, शिकारीचा मोसम संपता संपता,
दीर आर्विड दारात उभा.
काखेत तपकिरी कागदात बांधलेली हरणाची तंगडी.
कागदावर लेबल नाही, रकाने नाहीत,
एका कोपऱ्यात नुसता रक्ताचा ओला ठिपका.
"यात कॅलरी किती?"
आर्विडने टोपी मागे सारली.
"पळत चांगलं होतं," म्हणाला.

तो वसंतापासून असंच खात होता :
जे पळलं, जे पोहलं, जे मातीतून वर आलं.
पीठ नको, साखर नको, दूध नको,
आणि शेंगदाणेही नकोत, ते कडधान्यात जातात.
बाकी सगळं तिने ऐकून घेतलं,
शेंगदाण्यांचं मात्र वाईट वाटलं.

पहिला आठवडा डोकं ठणकलं.
सुपरमार्केटात पावांच्या रांगेसमोर
ती ट्रॉलीचा दांडा धरून जरा जास्तच वेळ उभी राहिली.
दहाव्या दिवशी चरबीत सलगम परतताना
घरभर असा वास सुटला
की खिडकीची काच घामेजली
आणि पलीकडचं गोठलेलं सरोवर दिसेनासं झालं.
ताट वाढलं. मोजलं नाही.
खाता खाता मध्येच काटा थांबला,
मागून कुणी नावाने हाक मारावी तसा.
पुरे?
ती वाट बघत राहिली. पुन्हा कुणी बोलेना.
पुरे असावं.

नऊ वाजले की हात अजून फ्रिजकडे जायचा.
मग ती जहाजांचे भोंगे मोजायची,
ते जानेवारीत बंद झाले,
मग जिन्याच्या पायऱ्या. चौदा.
रोज चौदाच.

नाताळात बहीण आयली आली, आईच्या हातचा
राईचा काळा पाव करून,
मधोमध भोक, वरून पिठाची भुरभुर.
"मी आता खात नाही हे."
आयलीने सुरी खाली ठेवली.
"म्हणजे आई आपल्याला आयुष्यभर चुकीचं वाढत होती?"
यावर मार्लिसकडे उत्तर नव्हतं, आर्विडकडेही नसावं.
पाव फ्रीझरमध्ये आहे. अजून आहे.
बर्फ काढायला दार उघडलं
की ती नाक जरा आत नेते, इतकंच.
थंडीत वास येत नाही.

वजन किती उतरलं, शेजारणी विचारतात.
खरंच ठाऊक नाही तिला.
स्कर्टला पिन लावावी लागते,
पण ती पिन आधीही लावायची.

स्वयंपाकघरातला छोटा काटा
शेजारच्या वेस्लीने मागून नेला नाही, इथेच बसून वापरतो.
किनाऱ्यावरचे अकीक खिशातून ओततो टेबलावर,
एकेक दगड तोलतो, उरलेल्या पानांवर लिहितो,
तिच्याच रकान्यांत :
लाल पट्ट्यांचा, त्रेपन्न.
तुटका, एकोणीस.

"तू यावर काय तोलायचीस?"
"सफरचंद."
"अख्खं?"
"अर्धं."
"का?"

शेगडीवर कांदा करपायला लागला होता.
ती उठली.