तवंग

बर्गनच्या अभिलेखागारात हा माझा अकरावा हिवाळा,
सुक्या माशांच्या हिशेबात.
हाताला वास येत नाही. अडीचशे वर्षांत वाससुद्धा वठतो.
पण घरी गेले की मांजर अजून हुंगते माझी पिशवी.

खतावणी, १७६८. बावीस ऑगस्ट. शाई विटलेली, अक्षर देखणं:
‘रोस्ट बेटाचा एलिंग. कॉडतेलाचं एक पिंप
उतरवताना बंदरात सांडलं. नावे.’
नावे म्हणजे एलिंगच्या नावे.
तेल गेलं, वर त्याची किंमतही गेली,
आणि धुपाटणंसुद्धा आलं नाही हाती.

मी हे जेवताना सहज बोलले टोरगुनपाशी.
ती वरच्या मजल्यावर
एका रेणूइतक्या जाड थरांवर काम करते.
(इतक्या जाड, असंच म्हणते ती.
मी पातळ म्हटलं की चिडते.)
तिने चमचा खाली ठेवला.
पिंप म्हणजे किती लिटर?
कागदी रुमालावर भागाकार, रुमालाला सूपाचा डाग,
शून्यं डागाला वळसा घालून पुढे गेली.
पन्नासाहून जास्त चौरस किलोमीटर, म्हणाली ती,
पसरू दिलं तर. आपलं बंदर त्यात कुठल्या कुठे.
पाणी इस्त्री केल्यासारखं पडून राहिलं असतं.
वादळात बाटलीभर ओतायचे कोळी,
त्यांना हे माझ्या आधीपासून ठाऊक.

मग मी तळघरात गेले.
बंदराच्या रखवालदाराची वही, तीच तारीख.
ह्या माणसाला अक्षर नव्हतंच, नुसते ओरखडे:
‘दुपारभर लाटा. दोन होड्या एकमेकींवर.
दोर तुटला. कप्तान शिव्या देतो.’

जिना मी दोन-दोन पायऱ्यांनी चढले.
सांडलंच नव्हतं ते!
पिंप वखारीत गेलं, सांडली फक्त नोंद.

ब्रिन्यूल्फ खिडकीशी सफरचंद सोलत होता.
ज्या पृष्ठभागांवर त्याने जन्म काढला
त्यांना जाडी नावाची गोष्टच नाही.
त्याने ऐकलं, साल तुटू न देता.
वारा असेल, म्हणाला.
वारा तवंग एका काठाला लोटतो, उरलेलं पाणी उसळत राहतं.
हे शक्य आहे, सोलफ्रिड. सिद्ध नाही.

मला राग आला, खोटं कशाला बोलू.
व्यापाऱ्याला विचारलं होतं का कुणी, सिद्ध कर म्हणून?
त्याने एक शब्द लिहिला. तो पुरला.
एलिंगनंतर त्याच्या बायकोला, मग मुलाला,
पानामागून पान: मागील बाकी, मागील बाकी.
शाळेत हातचा विसरले की बाई कान पिळायच्या.
ह्या वहीत एकदाही हातचा विसरलेला नाही.

पण ह्याच ब्रिन्यूल्फने एकोणीस वर्षांची सिद्धता
छापून आल्यावर, कौतुक झाल्यावर,
एका रात्री स्वतःच भोक शोधून काढलं तिच्यात
आणि सकाळी संपादकाला पत्र टाकलं.
त्याच्याशी भांडायचं तर कुठल्या तोंडाने?

संध्याकाळी टोरगुनने प्रयोगशाळेत नेलं मला.
उथळ पात्र, पाण्यावर भुकटी भुरभुरलेली,
सुईच्या टोकावर तेल.
टेकवलं, आणि भुकटी सरकली चहूकडे,
जत्रेत वाट करून द्यावी तशी.
मधलं पाणी पाण्यासारखंच दिसत होतं.
कुठे आहे ते, मी विचारलं.
सगळीकडे, ती म्हणाली, आणि दिवा मालवायला गेली.

रात्री तळटीप लिहिली:
‘तेल सांडल्याच्या नोंदीबद्दल शंका.’
ब्रिन्यूल्फला वाचायला दिली.
तो चष्मा कपाळावर ढकलून वाचत राहिला.
मग ‘शंका’च्या आधी, समासातून बाण काढून,
लहान अक्षरात त्याने लिहिलं: रास्त.
आणि पेन तसंच हातात धरून
बराच वेळ उभा राहिला.